‘गोताचा खोटा, दिवाणाचा गुन्हेगार’
मराठेशाहींतील न्यायपत्रांतल्या दोन शब्दांचा विचार

मराठेशाहींतील महजर, निवाडपत्रें व कतबे वाचूं लागलेल्या अभ्यासकास मोडीचें वळण एकदां साधलें कीं अक्षरांची अडचण फारशी उरत नाहीं. पुढें अडचण पडते ती सोप्या शब्दांची. फारसी शब्द अडला तर तो माधवराव पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ उघडतो. परंतु ‘खोटा’ या शब्दासाठीं कोश उघडावा असें कोणाच्या मनांत येत नाहीं. तो आपणांस ठाऊकच आहे अशी समजूत असते. निवाड्याच्या शेवटीं ‘अमुक खोटा जाला’ असें आलें म्हणजे वाचक ‘अमुक लबाड ठरला’ किंवा ‘अमुक दोषी ठरला’ असा अर्थ मनाशीं करून पुढें जातो, आणि छापील साधनांच्या सारांशांतही कित्येकदां हाच अर्थ उतरलेला दिसतो. आमच्या मतें हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. शिवाय ही चूक शब्दापुरती राहत नाहीं. ज्या माणसाविषयीं तो शब्द दोनतीनशें वर्षांपूर्वीं लिहिला गेला, त्याच्यावर न झालेला निवाडा आपण आज नव्यानें लादतों. म्हणून या लहानशा शब्दाचा जरा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ एका ठराविक वाक्यानें करूं. वतनाचा तंटा गोतापुढें किंवा हाजिर मजालसीपुढें उभा राहिला म्हणजे प्रथम उभय वाद्यांकडून राजीनामे व जामीन घेत असत. होईल तो निवाडा आम्हांस मान्य आहे, असा त्या राजीनाम्याचा आशय. आणि तसें न वर्तूं तर आपण ‘गोताचा खोटा व दिवाणाचा गुन्हेगार’ अशा अर्थाचा करार त्याच्या शेवटीं असे. लिहिणारा बदलला कीं शब्द थोडे हालतात. कोठें ‘खोटा’च्या जागीं ‘अन्यायी’ येतो, कोठें दिवाण आधीं व गोत मागून येतें. पण जोडी मोडत नाहीं. हा केवळ लेखकाचा शब्दांचा सोस असता तर एवढ्या निरनिराळ्या प्रांतांत व एवढ्या काळपर्यंत तो टिकता ना. दोन सत्ता आहेत म्हणून दोन शब्द आहेत. गोत म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, मिरासदार व बलुते यांचा समुदाय. महजराच्या शेवटीं पाटलाचा नांगर आणि ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी करून जो आपली साक्ष घालतो तो. दिवाण म्हणजे सरकार. गोतापुढें मनुष्य खरा किंवा खोटा होतो. दिवाणापुढें तो गुन्हेगार होतो. गोत त्याला दंड करीत नाहीं असें नाहीं, व दिवाण खऱ्याखोट्याची चौकशी करीत नाहीं असेंही नाहीं. परंतु शब्दांची वांटणी मात्र अशी आहे, आणि ती ध्यानांत ठेवून कागद वाचले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आतां ‘खोटा’ हा शब्द घेऊं. ‘खोट’ म्हणजे धातूंतील हीण. खरें नाणें, खोटें नाणें हा प्रयोग आजही घरोघर चालतो, आणि मराठेशाहींत तर नाणीं इतक्या टांकसाळींचीं व इतक्या तऱ्हेचीं चालत कीं पोतदारानें तीं पारखल्यावांचून कसबा चालत नसे. न्यायाची भाषा याच परीक्षेच्या भाषेशीं जुळलेली आहे. ‘निवाडा’ हा शब्द ‘निवडणें’ या क्रियापदापासून आला. खऱ्यांतून खोटें निवडून काढणें हेंच पंचांचें काम. आपली बाजू सिद्ध करणें यास ‘खरें करून देणें’ असें म्हणत. वतनपत्रांत ‘खरा केला’, ‘खरा जाला’, ‘खोटा जाला’ हे प्रयोग सारखे येतात, आणि त्यांत ‘होणें’ हें क्रियापद महत्त्वाचें आहे. मनुष्य आधींपासून खोटा होता व तें उघडकीस आलें, असें कागद म्हणत नाहीं. तो खोटा ‘जाला’ असें म्हणतो. कसोटीला लागेपर्यंत दोन्ही पक्ष सारखेच असतात.

नाण्याचा दृष्टांत आणखी थोडा पुढें नेतां येतो. ज्याच्या कनवटीला खोटा रुपया निघाला त्यानेंच तो पाडला असें कोणी म्हणत नाहीं. वतनाच्या तंट्यांत हाच प्रकार नेहमींचा असे. आजा परागंदा झालेला, मुलूख दुष्काळानें किंवा दंग्यानें ओस पडलेला, मागें कोणी मुतालिक म्हणून वतन चालविलेलें, आणि तिसऱ्या पिढीला आपण मुतालिक कीं धनी याची शुद्ध राहिलेली नाहीं. असा मनुष्य गोतापुढें उभा राहून, बापानें सांगितलें तेंच प्रामाणिकपणें सांगतो. करीना बोलतां बोलतां पिढ्या चुकतात, साक्षी उलट पडतात, आणि तो खोटा होतो. त्याला लबाड म्हणण्यास कागदांत आधार नसतो. लबाडीचा आरोप जेथें खरोखर आहे, म्हणजे बनावट कागद आणला, शिक्का उठविला, साक्षी फितविले, तेथें निवाडपत्र तें निराळें व स्पष्ट लिहितें. केवळ ‘खोटा जाला’ यावरून तें गृहीत धरूं नये.

आमच्या देशांतील पंडितांपुढें या बाबतींत मिताक्षरेचा आदर्श होता. विज्ञानेश्वरानें ती टीका अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीस कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें लिहिली, आणि महाराष्ट्रांत व्यवहाराच्या प्रश्नांत तिचें प्रामाण्य पुढें शेंकडों वर्षें टिकलें. स्मृतिकारांच्या भाषेंत वादाचे चार पाद आहेत: भाषा, उत्तर, क्रिया व निर्णय. शेवटीं एकाचा जय व दुसऱ्याचा पराजय होतो, जिंकणाऱ्यास जयपत्र मिळतें. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, स्मृतिकार ‘हीन’ व ‘पराजित’ यांत भेद करतात. एक बोलून दुसरेंच बोलणारा, प्रमाण देण्याचें टाळणारा, बोलाविल्या वेळीं हजर न राहणारा, निरुत्तर होणारा व बोलावणें येतांच पळून जाणारा असे हीनाचे पांच प्रकार नारदानें सांगितले आहेत. परंतु वाणीच्या चुकीनें जो हीन झाला त्यास दंड असला तरी द्रव्याच्या वादांत मूळ हक्क तेवढ्यानें बुडत नाहीं, असा मिताक्षरेचा अभिप्राय आहे. म्हणजे वागणुकीचा दोष वेगळा व हक्काचा खरेखोटेपणा वेगळा, हा विवेक फार जुना आहे. ‘गुन्हेगार’ आणि ‘खोटा’ या जोडींत तोच विवेक देशी वेषांत आलेला आम्हांस दिसतो.

दुसरी गोष्ट ‘क्रिया’ या शब्दाची. संस्कृतांत क्रिया म्हणजे प्रमाण. तिचे मानुषी व दैवी असे दोन भेद. लेख, साक्षी व भुक्ति हीं मानुषी प्रमाणें. दिव्य हें दैवी. मानुषी प्रमाण असेल तेथें दैवी प्रमाणाकडे जाऊं नये हा दंडक. मराठींत मात्र ‘क्रिया’ याचा अर्थ आकुंचित होऊन शपथ किंवा दिव्य एवढाच राहिला. शब्दाचा असा संकोच उगीच होत नाहीं. भोगवट्याचे कागद धामधुमींत जळत, साक्षी मरत किंवा दोन्ही बाजूंच्या भिडेनें गप्प बसत, आणि प्रमाण म्हटलें कीं दिव्यच आठवावें अशी वेळ वारंवार येत असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

दिव्याचे प्रकार अनेक. आमच्याकडील कागदांत रवादिव्य विशेष आढळतें. भांड्यांत तेल व तूप कढवून त्यांत धातूचा तुकडा टाकावयाचा व दिव्य करणाऱ्यानें तो हातानें बाहेर काढावयाचा, हें त्याचें स्वरूप. आधीं त्याचे हात धुऊन नखें काढीत, हातावरील जुने वण व डाग पाहून लिहून ठेवीत, वादाचा मजकूर लिहिलेलें पत्र त्याच्या भाळीं बांधीत. दिव्य झाल्यावर हाताला पिशवी घालून तिजवर शिक्का करीत व पहारा ठेवीत. तिसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष पिशवी सोडून हात पाहात. जुन्या खुणांवांचून नवा फोड नसला तर तो ‘खरा जाला’, असला तर ‘खोटा जाला’. या विधींत एक बारकावा आहे, त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. दिव्य करणारा एकच. दुसरा पक्ष कढईजवळही जात नाहीं. तो एवढेंच कबूल करतो कीं हा उतरला तर मी खोटा. स्मृतींत यालाच ‘शिर देणें’ म्हटलें आहे. म्हणजे शेजारच्या माणसाच्या हाताची कातडी शाबूत राहिली एवढ्यानें एक मनुष्य सहकुटुंब खोटा होत असे. अशा ठिकाणीं ‘दोषी ठरला’ हा अर्थ लावणें किती विपरीत आहे हें सांगणें नको.

मग खोटें होण्यानें हानि ती काय? वतन गेलें हें उघडच आहे. पण तेवढ्यानें वाद संपत नसे. हरलेला मनुष्य, या थळीं माझा न्याय झाला नाहीं, पंच विरुद्ध पक्षाचे सोयरे होते, अशी तक्रार घेऊन दुसरें थळ मागे. एक राज्य जाऊन दुसरें आलें कीं नव्या दिवाणाकडे जाई. एकेका पाटीलकीचा तंटा दोनदोन, तीनतीन पिढ्या चालला तो यामुळें. निवाडा कोणीं केला यापेक्षां तो हरलेल्यानें मानला कीं नाहीं यावर त्याची मातब्बरी अवलंबून असे. या कारणास्तव मराठेशाहींतील न्यायांत एक असा कागद निर्माण झाला कीं ज्याची योग्यता आमच्या समजुतीनें निवाडपत्राहूनही अधिक आहे. तो कागद म्हणजे येजितखत.

येजितखत हें हरलेल्यानें जिंकलेल्यास स्वतः लिहून द्यावयाचें पत्र होय. नांवाच्या व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवून त्याचें कार्य पाहूं. त्यांत हरलेला आपल्या नांवानें लिहितो कीं, अमक्या वतनाविषयीं मी तुम्हांशीं कजिया केला. अमक्या ठिकाणीं अमक्या लोकांसमक्ष निवाडा झाला. त्यांत तुम्ही खरे झालांत, मी खोटा झालों. या वतनाशीं मला व माझ्या लेंकरांलेंकरीं कांहीं संबंध नाहीं. पुन्हां बोलूं तर गोताचे खोटे व दिवाणाचे गुन्हेगार. म्हणजे राजीनाम्यांत जें ‘न मानूं तर’ म्हणून लिहिलें तेंच येथें पुन्हां येतें, फरक एवढाच कीं आतां पहिलें पद प्रत्यक्षांत आलेलें असतें व दुसरें टांगलेलें असतें. जोंवर तो स्वस्थ बसेल तोंवर तो केवळ खोटा आहे. पुन्हां उठेल तर गुन्हेगार होईल. आमचें जें म्हणणें आहे कीं हे दोन शब्द दोन स्थितींचे वाचक आहेत, त्याला याहून चांगला पुरावा हवा कशाला!

पंचांनीं ‘हा खोटा’ म्हणणें आणि त्यानें स्वतः ‘मी खोटा’ म्हणणें यांत अंतर आहे, व तें त्या काळचे लोक जाणत होते. निवाडपत्र पंचांच्या नांवानें निघतें. त्यावर आक्षेप घेतां येतो. येजितखतावर आक्षेप कोण घेणार? स्वतःच्या मुखानें निघालेला शब्द मागें घेण्यास दुसरें थळ नाहीं. म्हणून जिंकणारा निवाडपत्र मिळालें तरी समाधान मानीत नसे. येजितखत हातीं येईपर्यंत त्याचा जीव खालीं पडत नसे. हें पत्र हरलेल्याच्या राजीखुशीनेंच लिहिलें जाई, असें मात्र कोणीं समजूं नये. दिवाणाचा मसाला दारीं बसलेला, जामिनावर तगादा, गोताचा बोल, अशा सर्व बाजूंनीं कोंडी झाल्यावर मनुष्य लेखणीस हात लावी. कागदांत ‘आत्मसंतोषें’ हा शब्द असतो; तो ज्या पत्रांत असतो तेथेंच त्याची आवश्यकता पडली होती हें इतिहासलेखकानें विसरूं नये.

येथवर वतनाच्या वादांचा विचार झाला. चोरी, मारामारी, खून, बदकर्म इत्यादि प्रकरणांत भाषा पालटते, व तिकडे आतां थोडें पाहूं. येथें दोन समान पक्ष नसतात, म्हणून खराखोटा ही जोडीही मुख्यत्वें नसते. या कागदांत ‘अन्याय’ हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ आजच्यासारखा ‘न्यायाचा अभाव’ असा नसून ‘अपराध’ असा आहे. ‘अन्याय केला’ म्हणजे गुन्हा केला. ‘अन्यायी’ म्हणजे अपराधी. संतांच्या वाङ्मयांतही देवापुढें स्वतःला अन्यायी म्हणवून घेणारा भक्त याच अर्थानें बोलतो. आणि अपराध सिद्ध होणें यास शब्द आहे ‘लागू होणें’: चोरी लागू झाली, अन्याय लागू झाला. यांतील ‘लागणें’ मोठें सूचक आहे. चोरी झाली म्हणजे रामोशी किंवा महार चोराचा माग काढीत. माग ज्या गांवच्या शिवेंत जाऊन पोंचे त्या गांवानें तो पुढें काढून द्यावा, नाहीं तर मालाची भरपाई करावी, असा वहिवाटीचा नियम होता. माग लागतो, डाग लागतो, तसा अन्याय लागतो. याच जातीचा दुसरा प्रयोग ‘पदरीं घालणें’. अपराध ज्याचा त्याच्या पदरांत घालावयाचा. चूक पदरांत घालणें हें आपण आजही म्हणतों, मात्र आतां ती न्यायाधीशाऐवजीं वडील माणसें किंवा ग्रंथपरीक्षक घालतात.

रांझें गांवच्या मुकादमाविषयीं शिवाजीमहाराजांचें जें पत्र प्रसिद्ध आहे (इ. स. १६४६) तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. बाबाजी गुजर यास हातपाय तोडण्याची शिक्षा झाली ती त्याच्या हातून घडलेल्या ‘बदअमला’बद्दल. शिक्षा एवढी भयंकर, परंतु पत्रांतील भाषा पाहिली तर मनुष्य खोटा झाला असें ती म्हणत नाहीं. त्याच्याविषयींची जी हकीकत महाराजांस कळली ती चौकशीअंतीं खरी झाली, असें म्हणते. म्हणजे ‘खरें होणें’ हें क्रियापद तेंच, पण कर्ता बदलला. वतनाच्या वादांत माणूस खरा किंवा खोटा होतो. अपराधाच्या चौकशींत वार्ता खरी किंवा खोटी होते. हा भेद सर्व कागदांत काटेकोर पाळला गेला आहे असा आमचा आग्रह नाहीं. लेखक हे कारकून होते, वैयाकरण नव्हते. परंतु कल स्पष्ट आहे.

घाशीराम कोतवालाचें प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. १७९१ च्या ऑगस्टांत त्यानें कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकीं वीसांहून अधिक गुदमरून मेले, पुण्यांत क्षोभ झाला, आणि नाना फडणिसांना आपला कोतवाल लोकांच्या हवालीं करणें भाग पडून तो दगडांनीं ठेंचला गेला. तेथें येजितखत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तें घेणारा समोरचा वादी मुळीं उरला नव्हता. आणखी एक शब्द अशाच महत्पातकांच्या प्रसंगीं पुढें येतो, तो ‘दोष’. तो दिवाणाचाही नव्हे व गोताचाही मुख्यत्वें नव्हे, तो धर्मशास्त्राचा. दोष घडतो, दोषाचें प्रायश्चित्त असतें, आणि तें शास्त्री सांगतात. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर (३० ऑगस्ट १७७३) रामशास्त्री प्रभुणे यांनीं रघुनाथरावांस देहांत प्रायश्चित्त सांगितलें अशी जी परंपरा आहे, तिच्यांतही शब्द ‘प्रायश्चित्त’ हाच आहे, शिक्षा किंवा दंड नव्हे. पेशव्याला गुन्हेगार कोणाचा म्हणावें? दिवाण तोच. गोतापुढें तो उभा नाहीं. उरला दोष, व तो सांगण्याचा अधिकार शास्त्र्याचा. म्हणजे आज ज्या ‘दोषी’ शब्दाखालीं आपण सर्व कांहीं घालतों, तो त्या काळीं एका विवक्षित क्षेत्रापुरता होता.

पैशाचा भागही पाहावयास हवा, कारण हिशेबाच्या कागदांत हे शब्द रकमांच्या रूपानें भेटतात. हरलेल्याकडून दिवाण जें द्रव्य घेई त्यास ‘गुन्हेगारी’ म्हणत. जिंकलेल्याकडून घेई त्यास ‘हरकी’ किंवा ‘शेरणी’. खरें ठरल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ द्यावयाची ही रक्कम कधीं कधीं इतकी मोठी असे कीं आनंद करावा कीं नाहीं असा जिंकणाऱ्यास प्रश्न पडावा. येथें एक सूचना करून ठेवतों. आज ‘गुन्हेगारी’ म्हणजे गुन्हे करण्याची प्रवृत्ति किंवा गुन्ह्यांचें प्रमाण. हा अर्थ मनांत धरून जुन्या ताळेबंदांतील ‘गुन्हेगारी’ हें सदर वाचणारा परगण्यांत गुन्हे किती माजले होते याचें अनुमान काढूं लागला, तर तो फसेल. तेथें ती जमेची बाब आहे, आणि तींत दरवडेखोराच्या दंडाबरोबर वतनाचा दावा हरलेल्या गरीब पाटलाचेही होन असूं शकतात.

पेशवाई बुडाल्यावर हें सर्व शब्दसैन्य विखुरलें. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतीची बरीच तरफदारी केली होती. परंतु १८२७ चीं मुंबई इलाख्याचीं रेग्युलेशनें, पुढें १८६० चा दंडविधानाचा कायदा (तो १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला) व त्यामागून आलेले कार्यविधीचे कायदे यांनीं न्यायाचें स्थान गोतांतून कचेरींत नेलें. भाषांतरकारांना एक नवीन कल्पना मराठींत आणावयाची होती: न्यायाधीश किंवा ज्यूरी यांच्या उच्चारानेंच मनुष्य अपराधी होतो, त्याची स्वतःची संमति लागत नाहीं. या कल्पनेसाठीं ‘खोटा होणें’ चालण्यासारखें नव्हतें. ‘शाबीत’ हा अरबी मूळचा शब्द पूर्वीपासून रूढ होता. तो पुढें आला, व ‘गुन्हा शाबीत झाला’ हें कचेरींतलें नित्याचें वाक्य झालें. स्वातंत्र्यानंतर परिभाषा संस्कृताकडे वळली आणि ‘दोषसिद्धि’ व ‘सिद्धदोष’ हे शब्द कायद्याच्या मराठींत आले. १८६० चा तो कायदाही १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याजागीं भारतीय न्याय संहिता आली आहे. शब्द मात्र तेच चालू आहेत. धर्मशास्त्राचा ‘दोष’ अशा रीतीनें दिवाणाच्या कचेरींत कायमचा येऊन बसला.

नवी व जुनी कल्पना किती भिन्न आहेत हें एका प्रसंगानें स्पष्ट होईल. २२ जुलै १९०८ रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत ज्यूरीनें लोकमान्य टिळकांस सात विरुद्ध दोन मतांनीं अपराधी ठरविलें आणि न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षें काळ्यापाण्याची शिक्षा सांगितली. शिक्षेपूर्वीं विचारलें असतां, ज्यूरीनें कांहींही म्हटलें तरी आपण निर्दोष आहों असेंच टिळकांनीं सांगितलें. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीनें त्या उत्तरानें निकालांत तिळमात्र फरक पडत नव्हता. गोताच्या न्यायांत मात्र तें उत्तर म्हणजे येजितखत देण्यास साफ नकार झाला असता, आणि वाद संपला असें कोणासच म्हणतां आलें नसतें. महाराष्ट्रानें तो संपला असें मानलेंही नाहीं. लोकांच्या या मनःस्थितीचें कारण केवळ राजकीय भक्ति असें समजण्यापेक्षां, न्यायाविषयींची त्यांची जुनी समजूतही त्यांत असावी, असा आमचा तर्क आहे.

‘गुन्हेगार’ या शब्दाची जी गति झाली ती मात्र याहून खेदकारक आहे. मूळांत तो एका प्रकरणापुरता होता: अमुक मनुष्य अमुक गोष्टीबद्दल दिवाणाचा गुन्हेगार. रक्कम भरली, कतबा लिहून दिला, कीं तो मोकळा. १८७१ च्या कायद्यानें व पुढें १९११ च्या कायद्यानें सरकारनें सबंध जमातींच्या जमाती या नांवाखालीं नोंदल्या, आणि मराठींत ‘गुन्हेगार जमाती’ असा शब्दप्रयोग जन्मास आला. अन्याय लागू झालेला नाहीं, माग कोणीं काढलेला नाहीं, कोणतीही हकीकत मनास आणलेली नाहीं, आणि तरी जन्मलेलें मूल गुन्हेगार! जुन्या राजवटींत खोटेपणा वंशास बांधीत हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. परंतु तो एका वतनापुरता असे, व त्याच्या मागें एक निवाडा तरी असे. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. शब्द मात्र बोलण्यांतून तितक्या लौकर रद्द झाला नाहीं.

शेवटीं कागदांच्या जतनासंबंधीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. येजितखत हें हरलेल्याचें पत्र असलें तरी तें जिंकलेल्यास दिलेलें असे. अर्थात् तें जिंकणाऱ्याच्या दप्तरांत, सनदा व निवाडपत्रें यांच्या रुमालांत बांधून राहिलें, आणि आज आपल्या हातीं येतें तें तेथूनच. हरलेल्या घराकडे जपून ठेवण्यासारखें कांहींच उरत नसे. त्यामुळें कित्येक घराण्यांचा आज उपलब्ध असलेला एकुलता एक शब्द म्हणजे ‘मी खोटा’ हाच होय, व तोही दुसऱ्याच्या पेटींत सांपडलेला. अशीं पत्रें छापतांना संपादकांनीं ‘खोटा’ हा शब्द जसा असेल तसा ठेवावा, सारांशांत त्याचें ‘दोषी’ किंवा ‘लबाड’ करूं नये, आणि पत्राखालीं जामिनांचीं व हजर गोताचीं नांवें असतील तीं गाळूं नयेत. लिहिणारा कोणत्या कोंडींतून लिहीत होता हें समजण्यास तेवढेंच साधन उरलेलें असतें.